एकाच्या खालचा उजेड

दुपारचं जेवण झालं की मी अकोल्याच्या घरात कूलरसमोर सतरंजी टाकून पडते. कूलर घरघरत असतो, त्याच्या ओल्या गवती ताट्यांचा वास येतो, डोळे जड होतात आणि झोप लागायच्या जरा आधी कानात टिकटिक सुरू होते. घड्याळाची टिकटिक ठरावीक असते, ही तशी नाही. एक टिक, मग बराच वेळ काहीच नाही, मग लागोपाठ दोन-तीन, मग परत शांत. तेलात मोहरी तडतडायला लागते ना, पहिले चुकार दाणे, तसं काहीसं. नोकरी सुटून इतके दिवस झाले, पण ही टिकटिक काही सुटली नाही. या अंकाच्या संपादक महाशयांनी फोन करून नोकरीतले अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा मी सांगितलं की बाबा रे, मी नोकरीभर अंधारात बसले, त्यावर काय लिहू. ते म्हणाले, मग अंधारावर लिहा. आता लिहिते आहे तर ऐका.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. वर्गातलं शिकवणं सगळेच करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण इमारतीच्या मागच्या अंगाला एक खोली माझ्या ताब्यात होती. खिडक्यांना काळं कापड, दाराला दुहेरी पडदा, आत एक जड टेबल, त्यावर लेझर, आरसे, भिंगं आणि केसासारख्या काचेच्या तारा. मुलं तिला काळी खोली म्हणत. बाहेर मे महिन्यात आख्खं वऱ्हाड पांढरंफटक पडलेलं असायचं, रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, आणि मी दोन पडदे ओलांडून आत गेले की एकदम रात्र. आत गेल्यावर डोळ्यांना सवय होईपर्यंत नुसतं उभं राहायचं. त्या उभं राहण्यात मला जे सुख होतं ते कशात नव्हतं. कुठे आहोत, किती वाजले, घरी भाजी काय करायची, सगळं हळूहळू विरून जायचं.

लोकांना वाटायचं, बाई आत काहीतरी भानगड करते. वीजमीटर बघायला येणारा माणूस दर वेळी विचारायचा की इथं बनतं काय. राजापेठेतला एक सराफ हिरा घेऊन आला होता, तुमच्या लेझरवर खरा-खोटा कळेल का म्हणून. मी नाही म्हटलं तर त्याचं तोंड वाकडं झालं. त्याला वाटलं, मला कळलंय पण सांगत नाही. एकदा धारणीकडून एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन एसटीनं आला. मोतीबिंदू होता, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कॉलेजात लेझरची बाई आहे. त्या माउलीला मी काय सांगणार? रिक्षा केली आणि दोघांना दवाखान्यात पोचवून आले. जाताना ती माझा हात धरून म्हणाली, मंग तुया लेझरानं दिसते कोनाले? खरं सांगायचं तर त्या खोलीत दिसायचं कुणालाच काही नाही, ऐकू मात्र यायचं.

माझं काम होतं उजेडाची परीक्षा घ्यायचं. सूर्याचा, चुलीचा, बल्बचा उजेड जुन्या पुस्तकांच्या नियमानं वागतो. त्याला लाट समजलं की सगळा हिशेब बसतो. लेझरचा उजेडसुद्धा या परीक्षेत तसाच सरळ वागतो. पण उजेडाचा एकच दाणा सुटा करता आला तर तो जुने नियम झुगारून देतो. पुस्तकात त्याला अभिजातेतर प्रकाश असं भारदस्त नाव आहे. मी मुलींना सांगायची, आगाऊ उजेड म्हणा.

तो आगाऊ आहे हे ओळखायचं कसं? एक अर्धा आरसा घ्यायचा, म्हणजे अर्धा उजेड आरपार सोडणारा आणि अर्धा बाजूला वळवणारा. दोन्ही वाटांच्या शेवटी एकेक शोधक ठेवायचा. मी त्यांना कान म्हणायची, कारण उजेडाचा एक दाणा येऊन आदळला तरी ते टिक करतात. आता उजेड लाट असेल तर तो वाटला जाणार, आणि अधूनमधून दोन्ही कान एकदम वाजणार. दाणा असेल तर तो इकडे जाईल नाहीतर तिकडे, दोन्हीकडे कसा जाईल? दोन कान एकदम वाजायचं प्रमाण निव्वळ योगायोगाइतकं निघालं तर आकडा येतो एक. साध्या उजेडाचा आकडा एक असतो किंवा त्याहून जास्त. डोकं आपटलंत तरी तो एकाच्या खाली येत नाही. आगाऊ उजेडाचा येतो, आणि जितका खाली तितका तो पक्का आगाऊ. शून्यावर काही पोचत नाही, कारण खोलीत भटका उजेड असतो आणि कानांची स्वतःचीही बडबड असते.

आणि सुटा दाणा आणायचा कुठून? नखाएवढा एक स्फटिक असतो, काचेच्या चकतीसारखा. त्यात जांभळा लेझर सोडायचा. असंख्य जांभळ्या दाण्यांतला एखादा आत फुटतो आणि त्याचे दोन जुळे भाऊ होतात, डोळ्यांना न दिसणारे. एक भाऊ तिसऱ्या कानावर जाऊन वर्दी देतो की दुसरा निघाला. दुसरा अर्ध्या आरशाकडे जातो, आणि वर्दी आल्यावरच आम्ही त्याची वाट बघतो. एवढाच माझा धंदा. मोजणी संगणक करायचा, पण मी कानांना एक जुना स्पीकर जोडून घेतला होता. लेझर मंद केला की वर्दीनंतरची टिकटिक सुटी सुटी ऐकू यायची, डाव्या कानाची जाड आवाजात आणि उजव्याची बारीक. त्याची काही गरज नव्हती. मला ते ऐकत बसायला आवडायचं, बस्स.

प्रज्ञा माझी शेवटची विद्यार्थिनी. बार्शीटाकळीची, डॉक्टरेट करायला माझ्याकडे आली. वडील वामनभाऊ अकोल्यात कूलर बनवायचे. छोटंसं दुकान, पत्रा कापायचा, वाकवायचा, पंखा-मोटर बसवायची, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावायच्या. उन्हाळ्याचे तीन-चार महिने जेवायला फुरसत नाही आणि बाकी वर्षभर पेट्या, पाण्याच्या टाक्या, मिळेल ते पत्र्याचं काम. त्यावर त्यांनी पोरीला इथवर आणलं होतं. प्रज्ञा बोलायला कमी. पण आरसा अर्ध्या केसानं हलवायचा असला तर श्वास रोखून असा हलवायची की मी बघत राहायची.

तिला एकच गोष्ट हवी होती, एक भरवशाचा आकडा, एकाच्या बराच खाली. तो आला की प्रबंध पुरा. आणि तो जूनच्या आत यायला हवा होता, कारण जूनअखेर मी निवृत्त होणार होते. माझ्यामागे ती खोली दुसऱ्या कुठल्याशा अभ्यासक्रमाला वर्ग म्हणून द्यायचं ठरून गेलं होतं. काळं कापड उतरलं की प्रज्ञाचं काम तिथंच संपणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

नेमका त्याच उन्हाळ्यात खोलीचा एसी जळाला. विजेचा दाब वरखाली झाला आणि गेला बिचारा. नवा मागितला तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. इकडे पारा चढत चाललेला. आमच्या त्या कानांना गार ठेवावं लागतं. तापले की उजेड नसतानाही आपल्या मनानं टिकटिक करत सुटतात, तापातला माणूस बरळतो तसे. प्रज्ञा ओली ओढणी डोक्यावर घेऊन आत बसायची. आकडा कधी बरा, कधी भलताच.

एक दिवस वामनभाऊ तिचा डबा घेऊन आले. मोटरी घ्यायला अमरावतीला आले होते, म्हणून वाट वाकडी करून कॉलेजात डोकावले. पडद्याआड पोरीला घामानं निथळताना पाहिलं आणि बाहेर येऊन व्हरांड्यात उभे राहिले. एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकांत एक कूलर नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं असावं. पुढच्याच आठवड्यात मालवाहू ऑटोत कूलर घालून हजर. नवा कोरा, स्वतः बनवलेला, पत्र्याला आकाशी रंग. आत उजेड यायला नको हे त्यांनी पहिल्याच भेटीत हेरलं होतं. त्यांनी कूलर खिडकीत बसवून चौकट बंद केली, फटीफटीत काळी पट्टी भरली, हवेच्या तोंडाला आतून काळा रंग दिला. त्यांनी बाहेरून बॅटरी मारली आणि मी आतून तपासलं, उजेडाची एक रेघ आत येत नव्हती. कूलर सुरू झाला आणि त्या खोलीत असा काही गारवा पसरला की मला तिथंच सतरंजी टाकून पडावंसं वाटलं. कान शांत झाले, आकडा झपकन खाली आला. प्रज्ञा किती दिवसांनी हसली.

आता वाचणाऱ्यांत कुणी पुण्या-मुंबईचा पदार्थविज्ञानवाला असेल तर त्यानं एव्हाना कपाळावर हात मारला असेल. तो स्फटिक ओल सोसत नाही. कोरड्यात ठेवा, असं त्याच्याबरोबर आलेल्या कागदावरच छापलेलं होतं. पण वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलर म्हणजे ओल, असं कुणाच्या मनात येतं का हो? आमच्याकडे घरोघरी तो असतोच, भिंत असते तसा. आपण त्याच्यापुढे जेवतो, झोपतो, पाहुणे बसवतो. थंड हवा एवढंच आपल्याला दिसतं. दोन पदार्थविज्ञानवाल्या बायका त्या खोलीत आनंदानं बसल्या होत्या आणि भिजलेली हवा दिवसभर स्फटिकावर वाहत होती.

आकडा हळूहळू वर चढायला लागला. आधी आम्हाला वाटलं, आरसे सरकले. प्रज्ञानं सगळे परत जुळवले. मग वाटलं, धूळ असेल. मग वाटलं, कुठं काचेची तार दुखावली. एकेक करून सगळं बदललं, नाकी नऊ आले. आकडा आज कालच्यापेक्षा वर, उद्या आजच्यापेक्षा वर. अर्ध्याच्या पुढे गेला, पाऊणच्या पुढे गेला. एकाला टेकला असता तर आमच्या स्फटिकातला उजेड आणि चुलीतला उजेड सारखाच. प्रज्ञाचं जेवण सुटलं. खानावळीचा डबा तसाच परत जायचा, आणि वामनभाऊंचा रोज संध्याकाळी फोन यायचा की कूलर कसा चालतो. ती म्हणायची, मस्त.

शेवटी एक दिवस मी स्फटिक काढून बॅटरीसमोर धरला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की चष्म्यावर धुकं येतं तसं त्याच्या तोंडावर पांढुरकं काही होतं. चष्मा पुसता येतो, हे पुसून जाणारं नव्हतं. वरचा लेपच ओलीनं खाल्ला होता. जुळे कमी निघत होते, आणि त्या पांढऱ्या डागावरून जांभळा उजेड वेडावाकडा उधळून कानांत शिरत होता. प्रज्ञानं एकदा स्फटिकाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मला काही सांगावं लागलं नाही. तिनं जाऊन कूलरचं बटण बंद केलं आणि तिथंच उभी राहिली.

"मॅडम, बाबाले सांगू नका," ती म्हणाली. "त्याईनं हातानं बनवला तो."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते? नवा स्फटिक बाहेरून मागवायचा तर माझी निवृत्ती उलटून गेली असती. पण आहे त्याचा एक कोपरा अजून स्वच्छ होता. लेझर त्या कोपऱ्यातून नेता आला असता, तो कोपरा वाचवला तर. आम्ही एक लहान बंद पेटी केली, दोन बाजूंना काचा लावल्या आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या भरायच्या ठरवल्या. नव्या जोड्यांच्या खोक्यात असतात ना, खाऊ नका असं लिहिलेल्या, त्याच. राजापेठेतल्या जोड्यांच्या दुकानांतून मी त्या मागत हिंडले. एक दुकानदार म्हणाला, बाई, आतापर्यंत लोक पुडी टाकून जोडा नेत, तुम्ही जोडा ठेवून पुडी नेता. दुसऱ्यानं मात्र पिशवीभर दिल्या आणि काही विचारलं नाही. तव्यावर जरा गरम केल्या की पुड्यांतले दाणे परत ताजे होतात. माझ्या स्वयंपाकघरात आठवडाभर तोच उद्योग चालला होता.

स्फटिकाचा कोपरा वाचला, पण आता घोडं दुसऱ्या टोकाला अडलं. कूलर बंद, नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस लागलेले, खोलीची भट्टी झालेली. कान तापून बरळत होते. कूलर लावावा तर पुड्या पुरेनात आणि पेटीत ओल चढे, न लावावा तर कान कामातून गेलेले. पहाटे येऊन पाहिलं, तर नवतप्यात पहाटसुद्धा गरमच. प्रज्ञा टेबलाशी बसून असायची, अंधारात तिचा चेहरा दिसायचा नाही. स्पीकरमधून नुसता कडकडाट यायचा, त्यात दाणा कोणता आणि बरळणं कोणतं कळत नव्हतं. एकदा ती म्हणाली की मॅडम, राहू द्या, मी कुठंतरी शाळेत शिकवीन. मला फार वाईट वाटलं. माझ्या आख्ख्या नोकरीत तिच्याइतका हलका हात मी पाहिला नव्हता.

अशात एका दुपारी वामनभाऊ आले, न सांगता. ताट्या बदलायला नव्या आणल्या होत्या, खांद्यावर घेऊन. मी व्हरांड्यात होते. त्यांनी बाहेरून कूलरची बाजू उघडली, ताटीला हात लावला. ताटी कोरडी खडखडीत. टाकीत पाणी नाही, तळाला धूळ. त्यांनी हात तसाच ठेवला थोडा वेळ. मग बाजू परत लावली, नव्या ताट्या भिंतीला टेकवल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसले. मी पाणी दिलं, ते प्यायले. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण शब्द दिलेला होता आणि खोटं बोलणं मला जमत नाही.

मग ते अगदी सहज, माझ्याकडे न बघता बोलले. "मॅडम, बडनेऱ्याले एक गिऱ्हाईक हाये. त्याले घाईनं कूलर पायजे. हा नेऊ का मी? तसाही त्याचा आवाज लय होते. तुमच्या कामात अडचन होत असन."

त्या माणसानं आमच्यासाठी निमित्तसुद्धा स्वतःच शोधून आणलं होतं. मी काही म्हणणार तेवढ्यात पडदा सरकला आणि प्रज्ञा बाहेर आली. उन्हानं तिचे डोळे मिटत होते.

"बाबा, कूलरच्या ओल्या हवेनं माया स्फटिक खराब झाला," ती म्हणाली. "म्हनून बंद केला."

"मंग फोनवर काहून म्हनत होती, मस्त चालून राहिला म्हनून?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

वामनभाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, परत पुसलं. मला वाटलं, आता यांचं मन मोडलं. पण त्यांनी मान वर केली तर चेहरा वेगळाच, सकाळी पाणी मारलेल्या अंगणासारखा.

"म्या कायी अलगच समजलो," ते म्हणाले. "मले वाटलं, एवढ्या भारी मशीनीईत बापाचा पत्र्याचा डब्बा ठेवाची लाज वाटून राहिली तुले."

प्रज्ञा त्यांच्या पायाशी खालीच बसली आणि रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली. शिपाई चहा घेऊन आला आणि आम्हाला पाहून तसाच परत गेला.

त्यानंतर वामनभाऊंनी आत येऊन सगळं समजून घेतलं. गारवा कुठं हवा, ओल कुठं नको, असं त्यांनी मला दोन-तीनदा विचारलं. मी सांगितलं, तीन कानांच्या पाठीला जे धातूचे पंख आहेत तेवढेच गार व्हायला हवेत, बाकी खोली तापली तर तापू दे. मग आम्ही तिघांनी चहा पिता पिता ठरवलं. कूलरच्या तोंडापासून पत्र्याचा बंद नळा काढायचा, तो कानांच्या पाठीमागून न्यायचा आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर सोडायचा. ओली हवा नळ्यातून येईल, पंखांना गार करेल आणि बाहेर जाईल. स्फटिकाची तिची गाठच पडणार नाही. ते अकोल्याला जाऊन पत्रा घेऊन आले. पहिला नळा बसवला तर तो थरथरायचा आणि त्याच्याबरोबर टेबल थरथरायचं, आरसे ढळायचे. मी हात टेकले होते. त्यांनी नळा काढला, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून सांध्यासांध्यात घातले, आणि टेबलाला न टेकवता छतातून टांगला. मग काही हललं नाही.

प्रज्ञानं मोजणी लावली तो दिवस मला आजही अर्धवट झोपेत दिसतो. बाहेर दुपार जळत होती, आत काळोख. नळ्यातून हवा वाहायचा मंद आवाज. स्फटिकाच्या पेटीत जांभळ्या रंगाचा एवढासा ठिपका, देशी कापसाच्या फुलात पाकळीच्या तळाशी असतो ना, तेवढाच. वामनभाऊ स्टुलावर हात मांडीत घेऊन बसले होते. प्रज्ञानं लेझर मंद केला आणि स्पीकर लावला. जाड टिक. मग बारीक. मग बराच वेळ काही नाही. परत बारीक. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं की हे उजेडाचे दाणे आहेत, एकेक करून येताहेत.

"इकडं वाजलं त तिकडं गप," ते थोड्या वेळानं म्हणाले.

मी हो म्हटलं.

"अन् दोनी एकदम वाजले त?"

मी सांगितलं की एखाददुसऱ्या वेळी चालेल, पण योगायोगाइतके वाजले तर तो साधा उजेड, आणि पोरीचं काम गेलं. मग दर टिकेला ते दुसऱ्या बाजूकडे कान द्यायचे. जाड वाजली की बारीक वाजते का, बारीक वाजली की जाड वाजते का. किती वेळ तसे बसलो, मला सांगता येणार नाही. काळ्या खोलीत वेळ असाच जायचा, कुणी हाक मारली तरच कळायचं. माझे डोळे मिटले असावेत. मला असं वाटत होतं की आम्ही तिघं एका मोठ्या शेताच्या मध्ये बसलो आहोत आणि दूरदूरवर कुणी एकेक दाणा पेरत चाललं आहे.

मग संगणकाचा पडदा उजळला आणि प्रज्ञाचा आवाज आला. आकडा पाव भागाच्याही खाली होता. तिनं परत मोजलं, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. तो तिथंच राहिला. माझा जीव भांड्यात पडला. वामनभाऊंनी विचारलं, झालं का? ती म्हणाली, झालं बाबा. ते उठले आणि कूलरच्या टाकीत पाणी भरायला बाहेर गेले.

जूनअखेर मी निवृत्त झाले. निरोपाला नारळ आणि शाल मिळाली. काळं कापड उतरवलं, टेबल कुठल्याशा गोदामात गेलं, खोलीला पांढरा रंग आणि ट्यूबलाइट. आता तिथं मुलं व्यवस्थापन शिकतात. एकदा मी डोकावले तर खोली केवढीशी वाटली. हळहळ वाटते, नाही कशाला म्हणू? त्या खोलीत अजून बरंच ऐकायचं राहिलं होतं. मी अकोल्याच्या घरी राहायला आले आणि कूलर वामनभाऊंनी तिथं आणून बसवला. मी नको नको म्हणत होते. दर उन्हाळ्याच्या आधी येतात, ताट्या बदलतात, चहा घेतात आणि जातात.

प्रज्ञाची तोंडी परीक्षा खुली होती, कुणीही येऊन बसावं. सभागृह भरलं होतं. वामनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत, आणि मी त्यांच्याशेजारी. प्रज्ञा इंग्रजीत बोलत होती, ठाम, न अडखळता. मला पुष्कळ ठिकाणी जीभ चावावी लागली, मध्ये बोलायची सवय काही जात नाही. शेवटी बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं की भर उन्हाळ्यात, तुमच्या या गावात, एसीविना शोधक गार ठेवले कसे. त्यांना ते खरं वाटत नव्हतं, हे त्यांच्या स्वरावरून कळत होतं.

प्रज्ञानं एक चित्र पडद्यावर आणलं. भिंतीएवढा मोठा, आकाशी रंगाचा पत्र्याचा कूलर, त्याचा नळा, सांध्यातले ट्यूबचे तुकडे. कुणीतरी हसलं. तिनं इंग्रजीत उत्तर दिलं. मग थांबली, सरळ शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि तेच मराठीत सांगितलं: "हा कूलर माझ्या बाबांनी बनवला. यानं माझा स्फटिक खराब केला. आणि यानंच माझा आकडा वाचवला."

सगळी डोकी मागं वळली. वामनभाऊ ताठ बसून होते. जरा वेळानं माझ्या कानाशी झुकले.

"मॅडम," ते म्हणाले, "दोनी गोष्टी खऱ्या हायेत."